लासूर स्टेशनला सुट्टी कधी असते?

महाराष्ट्रात काही गावांच्या नावातच रेल्वे येऊन बसली आहे. लासूर स्टेशन हे त्यांपैकी एक. शिवना नदीच्या काठचे जुने लासूरगाव, दाक्षायणी देवीचे, वैजापूर तालुक्यात. आणि रुळांच्या कडेने उभी राहिलेली बाजारपेठ, म्हणजे लासूर स्टेशन, गंगापूर तालुक्यात. नाव एक, वस्त्या दोन, तालुकेही दोन. आसपासच्या खेड्यातला माणूस ‘स्टेशनला जाऊन येतो’ म्हणतो, तेव्हा त्याला गाडी पकडायची असतेच असे नाही. बियाणे घ्यायचे असते, कांद्याचा भाव विचारायचा असतो, लेकीच्या लग्नाचा बस्ता पाहायचा असतो, किंवा नुसतीच गरम भजी खायची असतात.

अशा गावाला एक साधा प्रश्न विचारून पाहावा. इथली दुकाने उघडतात कधी, मिटतात कधी आणि आठवड्यातून बंद कोणत्या दिवशी असतात? प्रश्न क्षुल्लक वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात निजामाचे राज्य, मुंबईच्या गिरण्या, एक पोलीस कारवाई, बैल, अमावस्या आणि पाच रुपयांचे पाकीट एवढे सगळे येऊन बसते.

प्रथम घड्याळाची गोष्ट. मनमाड ते सिकंदराबाद हा हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग १९०० च्या सुमारास वाहता झाला. मीटरगेज, म्हणजे अरुंद रूळ. मनमाडहून निघालेली गाडी अंकाई, नगरसूल, तारूर, रोटेगाव, परसोडा, करंजगाव अशी स्थानके घेत लासूरला येई. पुढे पोटूळ, दौलताबाद आणि औरंगाबाद. त्या काळी भारतातल्या रेल्वेगाड्या मद्रासच्या वेळेवर धावत. लासूरचा सूर्य मद्रासच्या सूर्यापेक्षा साधारण २० मिनिटे उशिरा उगवतो. म्हणून स्थानकावरचे घड्याळ गावाच्या सूर्याच्या तेवढे पुढे. १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि हे अंतर सुमारे अर्ध्या तासावर गेले. ज्या गावात ‘कासराभर दिवस वर आला’ हे वेळेचे माप होते, तिथे सूर्याला न जुमानणारी एक वेळ भिंतीवर टांगली गेली. नव्या वस्तीतला दुकानदार दोन्ही वेळा सांभाळायला शिकला. धान्य घेऊन येणारा बैलगाडीवाला सूर्यावर चाले आणि ते धान्य घेऊन जाणारी मालगाडी घड्याळावर.

त्याआधीच्या खेड्यातल्या दुकानाला वेळापत्रक कसले? घराची ओसरी हेच दुकान. सकाळी केर काढून, उंबऱ्यावर पाणी शिंपडून, उदबत्ती ओवाळून बसायचे आणि पहिल्या भवानीची वाट पाहायची. रात्री कोणी हाक मारली तर कडी काढून मीठ-मिरची द्यायची. रॉकेलच्या चिमणीत पैसा ओळखू येईल तितकाच दुकानाचा दिवस. मराठीत दुकान ‘बंद’ करीत नाहीत, ‘वाढवतात’. कुंकू पुसले म्हणायचे नाही, बांगडी फुटली म्हणायचे नाही, नारळ फोडला म्हणायचे नाही, तसेच दुकान मिटले असेही म्हणायचे नाही. ‘बंद’ या शब्दातच दिवाळ्याची सावली दिसत असे. जी भाषा रोज रात्री दुकान मिटवायलाही अशुभ मानते, ती त्याला आठवड्याची सुट्टी सहजासहजी कशी देणार?

मग सुट्टी आली कुठून? ती आली सरकारकडून. आणि लासूरला आली ती शुक्रवारी.

हे आज अनेकांना ठाऊक नसते. लासूर, गंगापूर, वैजापूर हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता, आणि हैदराबाद संस्थानात सरकारी आठवडी सुट्टी शुक्रवारची असे. कचेऱ्या, न्यायालये, सरकारी शाळा शुक्रवारी बंद आणि रविवारी सुरू. आता एक चित्र मनाशी उभे करावे. साल १९४०. कापसाचा एक व्यापारी मनमाडला मोठ्या रुळाच्या गाडीतून उतरून लहान रुळाच्या गाडीत बसतो. मनमाड आणि नगरसूल नाशिक जिल्ह्यात, म्हणजे इंग्रजी अमलात. थोडे पुढे रोटेगाव, म्हणजे निजामी अमलात. एवढ्या प्रवासात त्याचा रविवार कामाचा होतो आणि शुक्रवार सुट्टीचा. खिशातला इंग्रजी रुपया, ज्याला या भागात ‘कलदार’ म्हणत, त्याला आता ‘हाली’ शिक्क्यात मोजावे लागते; ठरीव दराने १०० कलदारांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. सामानावर करोडगिरी, म्हणजे संस्थानची जकात. आणि सरकारी कागदावरची तारीख पाहावी तर ती ना जानेवारीची ना चैत्राची. ती आजूर, दै, बहमन अशा फसली महिन्यांची. (घरात जुना मराठवाडी दस्तऐवज सापडला आणि त्यावर फसली १३५७ असे साल दिसले, तर गोंधळून जाऊ नये. त्यात ५९० मिळवावेत; ते १९४७–४८ निघते.)

थोडक्यात, गाडीच्या एकाच डब्यात बसून तो माणूस वार, चलन, जकात आणि पंचांग या चारही गोष्टींची सीमा ओलांडत असे. रूळ मात्र तेच राहत.

हा शुक्रवार ‘परका’ आणि रविवार ‘आपला’, असे सरळ गणित मात्र मांडू नये. रविवार तरी आपला कुठे होता? तो इंग्रजी कचेरीचा आणि चर्चचा वार. कामकऱ्यांचा म्हणून तो मिळवावा लागला, आणि तो मिळवला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधू’चे संपादक आणि १८८४ साली ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ उभी करणारे लोखंडे. त्यांच्या मागण्या आज वाचताना त्यांचा साधेपणा टोचतो: आठवड्यातून रविवारची सुट्टी, दुपारी जेवायला अर्धा तास, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत, आणि पगार महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. म्हणजे त्याआधी यांतले काहीच खात्रीचे नव्हते. १८९० च्या २४ एप्रिलला मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे १०,००० कामगारांची सभा भरली, त्यात दोन स्त्री-कामगारही बोलल्या, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. रविवार हा खंडोबाचा वार, असाही युक्तिवाद त्या चळवळीत झाल्याचे सांगतात. युक्तिवाद चतुर होता. मागणी कामगाराची, वार साहेबाचा आणि आधार जेजुरीचा!

लासूर स्टेशनचा मजूर मात्र या हद्दीबाहेर राहिला. सीमा पलीकडे होती म्हणूनच नव्हे, तर कायदा गिरणीचा होता, शेताचा आणि दुकानाचा नव्हता म्हणून.

१७ सप्टेंबर १९४८. पोलीस कारवाई संपली, हैदराबाद भारतात आले, आणि संस्थानातल्या कचेऱ्यांचा शुक्रवार जाऊन रविवार आला. हाली शिक्का पुढच्या दशकात हळूहळू चलनातून गेला. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, तेव्हा आण्याची भजी पैशांत मोजावी लागू लागली. १९५६ च्या १ नोव्हेंबरला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राजवटी बदलल्याच्या या तारखा पाठ्यपुस्तकांत असतात. सुट्टीचा वार बदलल्याचे त्यांत सहसा नसते, आणि तोच बदल सामान्य माणसाला सर्वांत आधी कळलेला असणार. तहसिलीत दाखला आणायला शुक्रवारी जावे तर कालपर्यंतचे कुलूप आज उघडे. रविवारी जावे तर कालपर्यंतची गजबज आज गप्प.

आणि तरीही बाजारपेठेच्या अंगावर या बदलाचा फारसा ओरखडा उठला नसणार. कारण पेठेचा वार शुक्रवार नव्हता आणि रविवारही नव्हता; पेठेचा वार म्हणजे बाजाराचा दिवस.

आठवडी बाजार ही या मुलखातली फार जुनी संस्था आहे, कोणत्याही राजवटीच्या कॅलेंडरपेक्षा जुनी. प्रत्येक मोठ्या गावाचा वार ठरलेला. आज या गावचा, उद्या त्या गावचा, आणि फिरते व्यापारी, बांगडीवाले, चाटीवाले त्या वारांच्या साखळीतून आठवडा ओलांडतात. शेतमजुराची मजुरी बाजारच्या आदल्या दिवशी किंवा त्याच दिवशी हाती पडते, कारण आठवड्याचे मीठ-तेल त्याच दिवशी भरायचे असते. म्हणून त्या दिवशी शेतात काम नाही. खेड्यात ‘आज बाजार आहे’ या वाक्याचा अर्थ ‘आज सुट्टी आहे’ असाच होतो. लासूर स्टेशनसारख्या पेठेत तर जनावरांपासून जोंधळ्यापर्यंत सगळे त्या दिवशी येते.

पण थांबा. ही सुट्टी कोणाची? निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईची, सालगड्याची, शेतकऱ्याची. दुकानदाराचा तोच सर्वांत मोठा कामाचा दिवस. सुट्टीच्या इतिहासातली ही खरी गाठ आहे. एकाची सुट्टी ती दुसऱ्याची भवानी असते. मुंबईच्या गिरणीत भोंगा वाजला नाही की सगळे एकदम मोकळे; पेठेत तसे होत नाही. शेतमजूर मोकळा होतो म्हणून शिंपी अडकतो, शिंपी मोकळा होतो तेव्हा न्हावी अडकतो. रविवारी नोकरदार केस कापायला येतो म्हणून राज्यातल्या कितीतरी गावांत केशकर्तनालये सोमवारी बंद असतात. आठवड्याचे सातही वार अशा तऱ्हेने एकमेकांच्या विश्रांतीवर रचलेले आहेत.

या सगळ्यांत बैलांचे बरे होते. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवीत नसत. तो महादेवाचा, म्हणून नंदीचा वार. म्हणजे लोखंड्यांनी माणसांसाठी आठवड्याची सुट्टी मिळवली त्याच्या कितीतरी आधीपासून ती बैलांना होती. आणि वर्षातून एकदा पोळा, तोही अमावस्येलाच. अमावस्या ही दुसरी जुनी सुट्टी. सुतार-लोहारांसारखे कारागीर आणि व्यापारी अमावस्येला नवे काम धरीत नसत, आणि नाशिककडच्या कांद्याच्या बाजारांत अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा अगदी अलीकडेपर्यंत चालत आली. लोक तिला अंधश्रद्धा म्हणून मोकळे होतात. पण हमालाच्या पाठीच्या बाजूने पाहिले, तर महिन्यातून एक खात्रीचा रिकामा दिवस कोणत्याही मालकाशी न भांडता मिळवून देणारी ती एकच तिथी होती. शुभ-अशुभाच्या आडून माणसांनी स्वतःसाठी थोडा विसावा चोरून ठेवला होता, असेही म्हणता येईल.

आता खाण्याकडे. कारण सुट्टी आणि वेळ यांचा खरा हिशेब खाण्यात दिसतो.

जुन्या स्थानकावर काय खात? प्रथम काय खात नसत ते पाहावे. शिजवलेला भात-भाजी अनोळखी माणसाच्या हातची खाणे हे अनेकांना जातीच्या नियमांमुळे वर्ज्य होते. भारतभरच्या स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे माठ असत, आणि ज्यांना अस्पृश्य ठरवले होते त्यांना तर कोणत्याच माठाला हात लावता येत नसे. प्रवासी घरून शिदोरी बांधून निघे: भाकरी, ठेचा, चटणी. विकत घ्यायचे ते असे, ज्याला सोवळ्या-ओवळ्याची झळ कमी लागे. भाजलेले फुटाणे, मुरमुरे, शेंगा, दुधाचे पेढे, तेला-तुपात तळलेली शेव, भजी, जिलबी. स्थानकावरचा आणि बाजारातला खाऊ बहुतेक कोरडा किंवा तळलेला का, याचे एक कारण इथे आहे. एकच नव्हे, कारण तळलेले टिकते, कागदात बांधता येते आणि गाडी सुटेपर्यंतच्या चार मिनिटांत हातात पडते, हेही तितकेच खरे.

या पदार्थांचे वय पाहिले तर गंमत वाटते. लासूर ज्या प्रदेशात आहे त्यावर एके काळी कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते, आणि त्यांच्यातला राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात उडदाचे, हरभऱ्याचे तळलेले वडे आणि पुऱ्या येतात. मिरची नाही आणि बटाटाही नाही, कारण ते दोन्ही अजून समुद्रापलीकडे होते. जिलबीचे नाव अरबी-फारसी ‘झलाबिया’वरून आले, आणि पंधराव्या शतकात ती भारतातल्या लेखनात दिसू लागते. म्हणजे बाजारच्या दिवशी कागदावर जिलबी आणि भजी शेजारी शेजारी घेऊन बसणारा शेतकरी एका हाताने एक फिरस्ता पदार्थ खात असतो आणि दुसऱ्या हाताने एक देशी पदार्थ, त्यातही मिरची पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली.

बाजारच्या खाऊला दिवस होता. गोडी शेव म्हटली की बाजार. बाप बाजारातून येईल तेव्हा धोतराच्या सोग्यात गोडी शेव असेल, हे पोरांना ठाऊक. इतर सहा दिवस ती मागायची सोय नव्हती. भेळभत्ता संध्याकाळचा. न्याहारीला शिळी भाकरी आणि त्यावर तेल-तिखट. भजी पावसाळ्यात किंवा पाहुणा आला तर. आणि स्थानकावर, गाडीच्या वेळेला. लहान रुळाच्या गाड्यांना धावपळ ठाऊक नव्हती. मनमाडला मोठ्या रुळाची गाडी आणि लहान रुळाची गाडी यांच्यामध्ये तासन् तास काढावे लागत, माल हमालांच्या पाठीवरून एका डब्यातून दुसऱ्यात जाई, आणि त्या ताटकळण्यावर किती कढया तापल्या असतील याची मोजदाद नाही. १९९० च्या दशकात हा मार्ग रुंद झाला. गाड्या वेगवान झाल्या, लांब पल्ल्याच्या झाल्या. त्यांतल्या कितीतरी लहान स्थानकांवर थांबतच नाहीत. जिथे गाडी थांबत नाही तिथे फलाटावरची कढईही फार दिवस तापत नाही.

चहाची कथा वेगळी. तो मुद्दाम आणला गेला. १९०३ साली चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून भारतीयांना चहा प्यायला शिकवण्याची मोहीम निघाली; रेल्वे स्थानके हा तिचा आवडता आखाडा. स्थानकांवरच्या मुलामा दिलेल्या पाट्यांवर चहा कसा करावा हे देशी भाषांत चित्रांसह लिहिलेले असे. चहाने एक गोष्ट केली जी भज्यांना कधी जमली नव्हती: त्याने दुकानाचा दिवस दोन्ही टोकांनी ताणला. पहाटेच्या गाडीला चहा हवा आणि रात्रीच्या गाडीलाही. म्हणून पेठेत सर्वांत आधी उघडणारे आणि सर्वांत शेवटी वाढवले जाणारे दुकान हे ‘हॉटेल’ झाले. आणि त्या हॉटेलातला पोऱ्या हा पेठेतला सर्वांत कमी झोपणारा माणूस. चौदा वर्षांखालील मुलांना ढाबे-हॉटेलांत कामाला ठेवण्यावर बंदी आली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. चहाच्या पाट्या लागल्यापासून कितीतरी पिढ्या उलटल्यावर!

तेलही बदलले. मराठवाडा हा करडईचा मुलूख. जुनी भजी करडईच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलातली. १९९० च्या दशकात खाद्यतेलाची आयात मोकळी झाली आणि पामतेल स्वस्त झाले. वृद्ध माणसे ‘आता पहिल्यासारखी चव नाही’ म्हणतात तेव्हा ती नेहमीच आठवणींत रमलेली नसतात. कधी कधी ती आयात धोरणाबद्दल अगदी अचूक बोलत असतात.

दुकानाच्या वेळेवर कायद्याने हात घातला तो पुन्हा मुंबईत. १९३९ चा मुंबई दुकाने व आस्थापना कायदा हा देशातला अशा प्रकारचा पहिला. १९४२ मध्ये केंद्राचा आठवडी सुट्टीचा कायदा आला, १९४८ मध्ये मुंबईचा नवा कायदा, आणि हैदराबाद राज्याचा आपला १९५१ मध्ये. दुकान आठवड्यातून एक दिवस बंद हवे आणि तो दिवस कोणता, याची पाटी ठळक लावलेली हवी, हा या कायद्यांचा गाभा. जुन्या दुकानांच्या फळ्यांवर किंवा शटरवर ‘मंगळवार बंद’ असे रंगवलेले दिसते, ती अक्षरे म्हणजे या कायद्याचा सर्वांत टिकाऊ दस्तऐवज. इतिहासाची आवड असणाऱ्यांनी शिलालेखांबरोबर अशा पाट्यांचेही फोटो काढून ठेवावेत. पुढच्या पिढीला त्या तितक्याच दुर्बोध वाटणार आहेत.

कारण २०१७ मध्ये महाराष्ट्राने हा विचारच उलटा केला. नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवण्याची मुभा दिली. आठवड्यातून एक दिवस विश्रांती मिळाली पाहिजे ती कामगाराला. तर्क निर्दोष आहे. जुना कायदा दुकानाला सुट्टी देत होता, नवा माणसाला देतो. अडचण एकच. कायद्याचा मुख्य भाग १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू झाला, आणि लासूर स्टेशनसारख्या पेठेत बहुतेक दुकाने म्हणजे बाप, मुलगा, दुपारी जेवणाच्या वेळी गल्ल्यावर बसणारी आई, आणि फार तर एखादा गडी. दुकानाची सुट्टी गेली आणि माणसाची सुट्टी जिथे पोहोचायची तिथे ही माणसे मोजलीच गेली नाहीत. पूर्वी ‘मंगळवार बंद’ची पाटी शेजाऱ्यालाही बांधून ठेवी, सगळ्यांचेच शटर खाली असल्यामुळे कोणाचे गिऱ्हाईक कोणी पळवीत नसे. आता एकाने उघडले की दुसऱ्याला उघडावेच लागते.

एकदाच असे झाले की सगळे एकदम मिटले. २२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू आणि त्यानंतरची टाळेबंदी. दुकान किती ते किती उघडायचे हे जिल्हा प्रशासन ठरवू लागले, आणि प्रवासी रेल्वेगाड्याही थांबल्या. जे रूळ राजवट बदलली तरी थांबले नाहीत, ते थांबल्यासारखे दिसू लागले. पण मालगाड्या चालूच होत्या. ८ मे २०२० च्या पहाटे याच मार्गावर, लासूरच्या पूर्वेला करमाडजवळ, जालन्याच्या पोलाद कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या आपल्या घरी पायी निघालेले मजूर दमून रुळांवरच झोपले होते. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत. मालगाडीखाली सोळा जण गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र होते. शिदोरी, स्थानकावर विकत काही घ्यावे लागू नये म्हणून बरोबर बांधून निघतात तीच.

टाळेबंदी उठल्यावर वेळा पुन्हा सैल झाल्या, पूर्वीपेक्षा अधिक. त्यामागे कायद्याहून मोठा हात खाऊचा आहे. १९८० च्या दशकात पानाच्या टपरीसमोर पुड्यांच्या माळा लटकू लागल्या. १९९५ मध्ये बटाट्याच्या वेफर्सची परदेशी पाकिटे आली, १९९९ मध्ये कुरकुरे. गुटख्याच्या माळा २०१२ मध्ये बंदीने गेल्या, निदान दर्शनी भागातून, खाऊच्या राहिल्या. या पाकिटाला ना कढई लागते, ना गाडीची वेळ, ना बाजारचा दिवस, ना पावसाळा. ते पहाटे पाचला जसे असते तसेच रात्री अकराला. भज्याला आचारी लागतो आणि आचारी दमतो. पाकीट दमत नाही, म्हणून ते विकणाऱ्यानेही दमू नये अशी अपेक्षा असते. आणि गोडी शेवेची वाट पाहण्यात जो आठवडा जाई, तो आठवडाच पोरांच्या हिशेबातून निघून गेला. हे वाईटच झाले असे म्हणता येत नाही. पाच रुपयांत ज्याला जे हवे ते, कोणाचा हात लागला हे न विचारता मिळते; माठ वेगळे ठेवणाऱ्या फलाटाच्या मानाने ही मोठीच मजल आहे.

आता या परिसरातून समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. रेल्वेने इथे थांबा दिला म्हणून पेठ वसली. महामार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण आहे. त्याच्या कडेला कोणाला टपरी टाकता येत नाही. सुरुवातीच्या महिन्यांत त्यावरून जाणाऱ्यांची मुख्य तक्रार होती की वाटेत चहासुद्धा मिळत नाही. शेजारच्या पेठेत चहा होता, भजी होती, माणसेही जागी होती. कुंपण मध्ये होते.

संध्याकाळी कृषी उत्पन्न बाजार समितीतले ट्रॅक्टर परतीला लागले की पेठेतली किराणा दुकाने एकेक करून शटर ओढतात. औषधांची राहतात, मोबाइलची राहतात, रमजान असेल तर आणखी काही राहतात. भज्यांच्या गाडीवरचा माणूस तेल गाळून डब्यात ओततो, कढई राखेने घासतो आणि पालथी घालतो. उद्या बाजार असेल तर तो डाळीच्या पिठाची दोन पाकिटे जास्त सांगून ठेवतो. उद्या वार कोणता आहे हे त्याला कॅलेंडर न पाहता ठाऊक असते.